कार्डावरचा ‘स्पून’ येतो, हातातला येत नाही

प्रश्न: मूल साडेतीन वर्षांचं, इंग्रजी शब्द शिकतंय. चित्रांची कार्डं दाखवली की ‘कप’, ‘स्पून’ धडाधड म्हणतं; समोर खरा चमचा धरला की गप्प. काय चुकतंय?

उत्तर १: शब्द चित्राला चिकटलाय, वस्तूला नाही. कार्डं आठवडाभर बाजूला ठेवा. एका वेळी ५-६च शब्द घ्या, तेही हाताळता येणाऱ्या वस्तूंचे. आधी चमचा हातात देऊन ‘स्पून’ म्हणा. मग दोन वस्तू मांडून ‘गिव्ह मी द स्पून’. ‘व्हॉट इज धिस?’ सगळ्यात शेवटी. बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात आणि मूल बिचकतं. चमचेही वेगवेगळे हवेत: स्टीलचा, लाकडी, छोटा, मोठा.

उत्तर २: सहमत. फक्त ‘कप’ आणि ‘कॅप’ एकाच दिवशी नकोत. नुसत्या नामांनी भागत नाही; ‘ओपन’, ‘पुश’, ‘जंप’ कृती करत शिकवा. ‘पून’ म्हणालं तर ‘चुकलं’ म्हणू नका, ‘येस, अ बिग स्पून’ एवढंच. जोडाक्षर या वयात जड जातंच.

प्रश्नकर्ता: मराठी नाव सांगायचं का?

उत्तर १: जरूर. ओळखीच्या वस्तूलाच नवं नाव पटकन बसतं. एकाच वाक्यात खिचडी तेवढी टाळा.