आयआर३५ : बदली माणसाचे कलम पुरेसे आहे का?

वहीखाते (प्रश्न)

नमस्कार. मी ब्रिटनमध्ये स्वतःच्या लिमिटेड कंपनीमार्फत डेटाबेसची कामे करते. गेले १४ महिने एका मोठ्या विमा कंपनीचे काम एजन्सीमार्फत चालू आहे आणि पहिल्या करारापुरते त्या कंपनीने मला आयआर३५ च्या (स्वतःच्या कंपनीमार्फत काम करणारी व्यक्ती प्रत्यक्षात कर्मचाऱ्यासारखीच असेल, तर तिच्यावर कर्मचाऱ्याप्रमाणे कर लावणाऱ्या नियमाच्या) बाहेर धरले होते. आता ६ महिन्यांच्या मुदतवाढीचा मसुदा आला असून त्यात आठवड्यातून ३ दिवस कार्यालयात हजेरी, तिथल्या व्यवस्थापकाने रोजचे काम वाटून देणे आणि दर तिमाहीला कामगिरीचा आढावा या गोष्टी नव्याने घातल्या आहेत. एजन्सीचे म्हणणे असे की, ‘आपल्या जागी दुसऱ्या पात्र व्यक्तीस पाठवता येईल’ हे कलम करारात कायम असल्याने काळजीचे कारण नाही. मला ते पटलेले नाही. करापुरते आपल्याला कर्मचारी धरले जाऊ नये म्हणून कायद्याच्या चौकटीत काय करता येते, आणि हा निर्णय मुळात कोणी घ्यायचा असतो? दुसरा एखादा क्लायंट मिळवला, तर प्रश्न सुटेल का?

ताळेबंद

निर्णय कोणाचा, हे आधी सांगतो, कारण त्यावर पुढची सगळी धडपड कोणापुढे करायची हे ठरते. हा नियम एप्रिल २००० मध्ये लागू झाला तेव्हा आपण आत की बाहेर हे कंत्राटदाराची कंपनीच ठरवत असे. सरकारी संस्थांच्या कामांपुरती ही जबाबदारी एप्रिल २०१७ पासून, तर मध्यम व मोठ्या खासगी कंपन्यांच्या कामांपुरती ६ एप्रिल २०२१ पासून काम घेणाऱ्या संस्थेकडे गेली. क्लायंट लहान कंपनी असेल तर जुनी पद्धत चालते, पण तुमच्या बाबतीत तो प्रश्नच नाही.

विमा कंपनीने तुमच्या कामाचा दर्जा ठरवून कारणांसह लेखी निर्णयपत्र तुम्हाला आणि एजन्सीला दिले पाहिजे, आणि ते ठरवताना वाजवी काळजी घेतली पाहिजे. ती घेतली नाही तर कराची जबाबदारी तिच्यावरच येते. निर्णय मान्य नसेल तर तुम्ही लेखी हरकत घेऊ शकता आणि तिला ४५ दिवसांत उत्तर द्यावे लागते. कामाच्या अटी बदलल्यावर जुन्या निर्णयपत्रावर विसंबून राहू नका, नवे मागा. एजन्सीचे मत काहीही असले तरी हा निर्णय तिचा नाही.

कलमकसाई

ताळेबंद यांनी दिलेली चौकट बरोबर आहे. मी कलमाबद्दल लिहितो. नोकरी कशाला म्हणावे याची व्याख्या कर कायद्यात सापडत नाही, ती न्यायालयांच्या निवाड्यांतून घडत आली आहे. पाया आहे १९६८ चा रेडी मिक्स्ड काँक्रीटचा निवाडा. त्यात न्या. मॅकेना यांनी तीन गोष्टी तपासल्या : मोबदल्याच्या बदल्यात माणूस स्वतःच्या श्रमाने काम करण्यास बांधलेला आहे का, दुसऱ्याचे त्याच्यावर पुरेसे नियंत्रण आहे का, आणि कराराच्या बाकीच्या अटी नोकरीशी सुसंगत आहेत का. त्या खटल्यातल्या ड्रायव्हरला कंपनीच्या रंगात लॉरी रंगवावी लागे आणि कंपनीचा गणवेशही घालावा लागे, तरीही तो नोकर ठरला नाही, कारण लॉरी त्याच्या मालकीची होती, तिच्या देखभालीचा खर्च तो करी आणि गरज पडल्यास दुसरा ड्रायव्हर नेमू शके. धंद्याची जोखीम त्याच्या अंगावर होती आणि गणवेश त्यापुढे गौण ठरला.

आता बदली माणसाचे कलम. २०११ च्या ऑटोक्लेन्झ खटल्यात मोटारी धुणाऱ्या कामगारांच्या करारात असे कलम छापलेले होते, परंतु प्रत्यक्षात कामगारांनी स्वतःच येणे अपेक्षित असल्यामुळे सर्वोच्च न्यायालयाने कागदापेक्षा वस्तुस्थितीला महत्त्व दिले. २०१८ च्या पिमलिको प्लंबर्स प्रकरणात बदली देता येत होती, पण ती त्याच कंपनीच्या दुसऱ्या प्लंबरची. तेवढ्याने व्यक्तिगत सेवेचे बंधन सुटत नाही असे ठरले. हे दोन्ही खटले कामगार-हक्कांचे होते, कराचे नव्हते, हे लक्षात ठेवावे. व्यक्तिगत सेवेचा प्रश्न मात्र दोन्हीकडे निघतोच.

‘एक काम संपले की पुढचे देण्याचे वा घेण्याचे बंधन नाही, म्हणून मी नोकर नाही’ हा कंत्राटदारांचा आवडता युक्तिवादही आता लंगडा झाला आहे. फुटबॉल पंचांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये म्हटले की, एकेका सामन्यापुरत्या करारातही परस्पर बंधन आणि नियंत्रण या किमान अटी पुऱ्या होऊ शकतात. तिसऱ्या मुद्द्याचा, म्हणजे इतर परिस्थितीचा, फैसला करण्यासाठी ते प्रकरण परत खालच्या न्यायाधिकरणाकडे पाठवण्यात आले.

स्वानुभवी

माझ्या करारातही हे कलम होते. घरच्या अडचणीमुळे मी दोन आठवड्यांसाठी माझ्या एका तितक्याच अनुभवी सहकाऱ्याला पाठवण्याचा प्रस्ताव दिला, तेव्हा क्लायंटच्या व्यवस्थापकाने, “आम्ही तुम्हाला घेतले आहे, त्यांना नाही,” असे ईमेलमध्येच लिहून टाकले. कर खात्यापुढे माझ्याविरुद्ध याहून चांगला पुरावा कोणता असू शकला असता? तेव्हा एजन्सीच्या भरवशावर राहू नका. क्लायंटकडून लेखी घ्या की बदली व्यक्ती सुरक्षा-तपासणीत उत्तीर्ण झाली तर ती स्वीकारली जाईल, तिची निवड तुमची कंपनी करील आणि तिचे पैसेही तुमचीच कंपनी देईल.

त्याहून मोठा फरक मला कामाची मांडणी बदलल्याने पडला. पूर्वी ‘डेटाबेसविषयक साहाय्य, दैनिक दराने’ असे गुळमुळीत वर्णन होते, त्यामुळे व्यवस्थापक हाताला लागेल ते काम पुढे सरकवत असे. पुढच्या करारात आम्ही ठरावीक प्रणालींचे स्थलांतर, त्याचे टप्पे, प्रत्येक टप्प्याची ठोक रक्कम आणि सदोष काम स्वखर्चाने दुरुस्त करण्याची अट घातली. ही अट पाळताना एकदा सलग ९ दिवस बिनपैशाचे राबावे लागले आणि मनातल्या मनात मी स्वतःलाच बरेच बोल लावले, पण आर्थिक जोखीम म्हणतात ती हीच. दैनिक दर असला की माणूस आपोआप नोकर ठरतो असे नाही, हेही सांगायला हवे.

वहीखाते

तिघांचेही आभार. बदलीच्या कलमाबद्दलची शंका खरी निघाली. तिमाही आढावा आणि रोजची कामवाटणी मसुद्यातून काढायला लावली आणि कार्यालयातली हजेरी तशीच राहिली, तर चालेल का? काही सर्व्हरवरचे काम तिथूनच करावे लागते. शिवाय दुसऱ्या क्लायंटचा प्रश्न राहिलाच आहे.

ताळेबंद

कामाच्या स्वरूपामुळे जागा ठरत असेल तर ती फारशी बाधत नाही. तसे कारण करारात नमूद करून घ्या. काय करायचे हे क्लायंटने सांगणे स्वाभाविक आहे, पण कसे आणि कोणत्या क्रमाने करायचे हेही तोच सांगू लागला की पारडे झुकते. आढावा मात्र नक्की काढायला लावा, कारण तो कर्मचाऱ्याचा असतो. पुरवठादाराचे काम स्वीकारतात किंवा नाकारतात.

दुसरा क्लायंट उपयोगी पडतो, पण निर्णायक नसतो. १९९३ मध्ये अपील न्यायालयाने लॉरिमर या व्हिजन मिक्सरला (टीव्ही कार्यक्रमात वेगवेगळ्या कॅमेऱ्यांची दृश्ये निवडून जोडणाऱ्या तंत्रज्ञाला) स्वतंत्र व्यावसायिक मानले. त्याच्याकडे स्वतःची यंत्रसामग्री नव्हती, परंतु तो अनेक निर्मात्यांकडे थोड्या थोड्या दिवसांची कामे घेई. तुमचे १४ महिने एकाच ठिकाणी गेले आहेत, त्यामुळे त्याच्या उदाहरणाचा आधार तुम्हाला थोडाच मिळेल. प्रत्येक करार वेगळा तपासला जातो. एक आत आणि दुसरा बाहेर असे होऊ शकते.

कर खात्याच्या संकेतस्थळावर दर्जा तपासण्याची प्रश्नावली आहे. माहिती अचूक दिली असेल तर तिच्या निकालाला खाते बांधील राहते. मात्र हवा तो निकाल यावा म्हणून उत्तरे रंगवून भरू नका, कारण चौकशीत तेच प्रश्न तुमच्या व्यवस्थापकालाही विचारले जातात.

कलमकसाई

क्लायंटने मसुदा बदलायला नकार दिला, तर तो करार बहुधा आतच आहे असे समजून दराची बोलणी करा. आत गणले गेलात की पगाराप्रमाणे प्राप्तिकर आणि नॅशनल इन्शुरन्स (सामाजिक विम्याची सक्तीची वर्गणी) कापून पैसे येतील, पण पगारी रजा किंवा आजारपणाची भरपाई केवळ त्यामुळे मिळत नाही. अम्ब्रेला कंपनीमार्फत (कंत्राटदाराला आपला कर्मचारी म्हणून नेमून त्याचा पगार देणाऱ्या मधल्या कंपनीमार्फत) जाण्याचा पर्याय पुढे आला तर सांगितलेल्या दरातच मालकाच्या वाट्याचा नॅशनल इन्शुरन्स धरला आहे का, हे सही करण्यापूर्वी लेखी विचारा. एप्रिल २०२५ पासून तो १५ टक्के आहे आणि हातात येणाऱ्या रकमेत त्याने मोठा फरक पडतो.