पडद्यावर धावपट्टी पिवळी झाली होती, मग हानेडाच्या मनोऱ्यात कुणाला कळलं कसं नाही?

ठाणेकर_आई:
माझा मुलगा कावासाकीला राहतो. हानेडा विमानतळ त्याच्या घरापासून नदीपलीकडेच. 2 जानेवारी 2024 ला त्याचा व्हिडिओ कॉल आला, तेव्हा त्याच्या मागे टीव्हीवर जळतं विमान दिसत होतं. जपान एअरलाइन्सचं ए-350 उतरताना, त्याच धावपट्टीवर उभ्या असलेल्या तटरक्षक दलाच्या विमानावर आदळलं होतं. मोठ्या विमानातले सगळे 379 जण बाहेर पडले. छोट्यातल्या सहापैकी पाच गेले. आदल्या दिवशी नोतोला भूकंप झाला होता, तिथल्या लोकांसाठी सामान घेऊन निघाले होते ते. हे माझ्या मनातून जात नाही.

दिवाळीनंतर मी पहिल्यांदाच मुलाकडे चालले आहे, म्हणून हे सगळं वाचायला घेतलं. टॉवरमध्ये, म्हणजे विमानांना परवानगी देणाऱ्या त्या मनोऱ्यात, एक पडदा होता म्हणे. उतरणारं विमान जवळ आलं असताना दुसरं कुणी धावपट्टीवर शिरलं, की त्यावर धावपट्टी पिवळी आणि विमानं लाल दिसतात. तो चालूही होता. छोटं विमान तिथे सुमारे 40 सेकंद उभं होतं. मी घड्याळ समोर ठेवून 40 सेकंद मोजले. फार मोठा वेळ आहे हो. एवढ्या वेळात एकाचंही लक्ष जाऊ नये?

टॉवर_निवृत्त:
ताई, मी 31 वर्षं टॉवरमध्ये काम केलं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात देता येतं: त्या पडद्याला आवाज नव्हता.

टॉवर कंट्रोलरचे डोळे काचेबाहेर असतात, असायलाच हवेत. एक विमान उतरतंय, मागे दुसरं येतंय, चार होल्डिंग पॉइंटला, म्हणजे धावपट्टीआधीच्या थांब्यावर, थांबलीत, समोर स्ट्रिपा, म्हणजे एकेका विमानाच्या नोंदीच्या पट्ट्या, लावलेल्या, कानात दोन वैमानिक. रंग बदलला तर तो ज्याची नजर पडद्यावर आहे त्यालाच दिसणार. आणि हानेडाला पडद्याकडे सतत पाहत राहण्याचं बंधन कंट्रोलरवर नव्हतं, कारण मुख्य काम डोळ्यांनी बाहेर पाहून करायचं. डोळे एका वेळी एकीकडेच असतात. कान मात्र मिटता येत नाहीत. इशारा द्यायचा तर कानात द्यावा, असं माझं ठाम मत आहे. अपघातानंतर तिथल्या समितीनेही आवाज जोडायला सांगितलं.

आता त्या छोट्या विमानाच्या वैमानिकाबद्दल. त्याला सांगितलं होतं, 'नंबर वन', सी-5 होल्डिंग पॉइंटपर्यंत या. 'नंबर वन' म्हणजे उड्डाणाच्या रांगेत पहिला, एवढंच. त्याने रीडबॅकही, म्हणजे ऐकलेली सूचना परत म्हणून दाखवणं, बरोबर दिला. तरीही धावपट्टीवर जायची परवानगी मिळाली असा त्याचा समज झाला. अपघातानंतर काही दिवसांतच तो शब्द वापरणं थांबवलं गेलं.

माझ्यावरची वेळही सांगतो. पावसाळ्यातली पहाट होती, तपासणीची जीप धावपट्टीवर पाठवली होती. जीप आत असली की स्ट्रिप-बोर्डवर धावपट्टीच्या जागी लाल पट्टी ठेवायची, ही आमची सवय. त्याच वेळी एका वैमानिकाने इंधनाची अडचण सांगितली आणि मी त्याच्याशी बोलण्यात गुंतलो. ते संपलं आणि फायनलवर, म्हणजे उतरण्याच्या शेवटच्या टप्प्यात, आलेल्या दुसऱ्या विमानाला 'क्लिअर्ड टू लँड', म्हणजे उतरायची परवानगी, म्हणायला मी तोंड उघडलं. शेजारच्या सहकाऱ्याने काही न बोलता त्या लाल पट्टीवर हात ठेवला. मी गो-अराउंड दिला, म्हणजे न उतरता पुन्हा वर जायला सांगितलं. ती जीप मी स्वतःच आत पाठवली होती आणि ती माझ्या डोक्यातून पूर्ण गेली होती. त्यामुळे हानेडाच्या कंट्रोलरला निष्काळजी म्हणायला माझी जीभ वळत नाही.

लोहगावकर:
पुण्यातही 15 फेब्रुवारी 2020 ला असं झालं. दिल्लीला निघालेलं एअर इंडियाचं विमान वेग घेत होतं, तेव्हा वैमानिकाला धावपट्टीवर जीप आणि माणूस दिसला. त्याने विमान वेळेआधी उचललं. शेपटी घासली, पण सगळे सुखरूप दिल्लीला पोचले. तिथे वाचवलं ते वैमानिकाच्या डोळ्यांनी. काका, आवाज लावला की प्रश्न सुटतो का पण?

टॉवर_निवृत्त:
नाही सुटत, आणि ही बाजू सांगायलाच हवी. भोंगा उगाच वाजायला लागला की माणूस तो बंद करतो. मिलानच्या लिनाटे विमानतळावर 8 ऑक्टोबर 2001 ला धुक्यात एक छोटं जेट वाट चुकून धावपट्टीवर आलं आणि उड्डाण घेणाऱ्या एसएएसच्या विमानाला धडकलं. 118 माणसं गेली. जमिनीवरची विमानं दाखवणारं जुनं ग्राउंड रडार 1999 मध्येच काढलेलं, नवं अजून सुरू झालेलं नव्हतं. धावपट्टीत कुणी शिरलं तर वाजणारी यंत्रणाही बंद करून ठेवली होती. दोन्ही गोष्टी फक्त कागदावरच होत्या. धुक्यात त्यांचीच गरज होती.

म्हणून मला अमेरिकेतली धावपट्टीवरच्या लाल दिव्यांची पद्धत पटते. धावपट्टी वापरात असली की टॅक्सीवेच्या, म्हणजे धावपट्टीकडे नेणाऱ्या रस्त्याच्या, तोंडाशी लाल दिवे आपोआप लागतात. कंट्रोलरने पाहिलं काय, नाही पाहिलं काय, वैमानिकाला समोर लाल दिसतं. नाहीतर इशारा आधी टॉवरला, टॉवरकडून रेडिओवर वैमानिकाला, यात मोलाचे सेकंद जातात. हानेडाला सी-5 च्या तोंडाशी स्टॉप बार, म्हणजे थांबायला सांगणाऱ्या लाल दिव्यांची ओळ, होता, पण त्या दिवसांत दुरुस्तीसाठी बंद. आणि चालू असता तरी तो फक्त दृश्यमानता कमी असतानाच वापरायचा असा नियम होता. त्या संध्याकाळी हवा स्वच्छ होती.

ताई, तुम्ही बिनधास्त जा. 6 जानेवारी 2024 पासून हानेडाला फक्त तो पडदा पाहण्यासाठी वेगळा माणूस बसवला.

ठाणेकर_आई:
काका, मला हेच जाणून घ्यायचं होतं. त्या लाल पट्टीवर हात ठेवणाऱ्या सहकाऱ्याशी तुमचं अजून बोलणं होतं का?

टॉवर_निवृत्त:
दर रविवारी सकाळी.