मदत हवी आहे : वडिलांना डायलिसिस पुरेसं होतंय का?

नमस्कार मंडळी. आम्ही कसबा बावड्याचे. वडिलांचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा होतं. लघवी जवळपास बंद झालीय. मधला गॅप लांबला की पायावर बोट दाबलं तर खळगा तसाच राहतो, रात्री उशीला टेकून बसूनच झोपतात. तांबडा-पांढरा कधीच सुटला, पाणीही मोजून पितात.

वाचलं की आठवड्यातून तीनदा करणाऱ्यांना दर वेळी केटी/व्ही (एका डायलिसिसमध्ये रक्त किती साफ झालं त्याचं माप) किमान १.२ आणि युआरआर (रक्तातला युरिया किती टक्के घटला ते) ६५ टक्क्यांच्या आसपास तरी हवा. २००२ च्या हेमो नावाच्या डायलिसिसवरच्या अभ्यासात दर वेळच्या डायलिसिसचा डोस आणखी वाढवूनही मृत्युदरात लक्षणीय फरक पडला नाही. पण ते सगळे पेशंट तीनदावाले! लघवी थांबलेल्या माणसाला दोनदा पुरतं, हे मला पटत नाही. डॉक्टरांशी बोलणारच आहे.

तुमच्याकडे डायलिसिसच्या आधीचा आणि नंतरचा युरिया दर महिन्याला तपासतात का? आमच्याकडे मागितल्याशिवाय रिपोर्ट हातात पडत नाही. कोल्हापुरात महात्मा फुले योजनेतून तिसरी वेळ कुणाला मिळालीय का? कागदपत्रं काय लागली? दोनदावरून तीनदावर गेल्यावर सूज, दम, भूक यात काय फरक पडला, तेही सांगा. इचलकरंजी, सांगलीकडचं सेंटर असलं तरी चालेल, आम्ही नेऊ.