जोहान्सबर्गला २ वर्षांसाठी जावं का? घरचे सगळे घाबरलेत

जनकगंजची_सून
नमस्कार मंडळी, नवऱ्याला जोहान्सबर्गची पोस्टिंग आलीये, 2 वर्षांची, मी आणि 8 वर्षांची मुलगी बरोबर जाऊ शकतो. पण ही बातमी सांगितल्यापासून घरात सुतक लागल्यासारखं झालंय. सासूबाईंनी यूट्यूबवर कुठलातरी व्हिडिओ बघितला, सिग्नलला गाडीची काच फोडून पर्स नेतात तो, तेव्हापासून रोज सकाळी कचोरी खाताना तोच विषय. दीर म्हणतो तिथे गार्ड घेतल्याशिवाय कोणी दूध आणायलाही जात नाही. नवरा म्हणतो काही होत नाही गं, पण त्याला चंद्रावर पाठवलं तरी तो हेच म्हणेल. जे खरंच राहून आलेत त्यांनी सांगा ना, रोजचं कसं असतं? शाळा, भाजी, संध्याकाळचं फिरणं. उगाच धीर देऊ नका आणि उगाच घाबरवूही नका.

थाटीपूरकर_परत_आले
मी 2019 ते 2023 तिथेच होते, सँडटन या जोहान्सबर्गच्या श्रीमंत भागाजवळ. तुझ्या सासूबाईंनी बघितलं ते खोटं नाही, आधी तेच सांगते. माझ्याबरोबर झालंय. सिग्नलला (तिथे सिग्नलला रोबोट म्हणतात, पहिल्यांदा कोणी पत्ता सांगितला तेव्हा मी खरंच रोबोट शोधत बसले होते) गाडी उभी, फोन मांडीवर, काच जेमतेम चार बोटं उघडी, एक हात आत आला आणि फोन गेला. ओरडायचंही सुचलं नाही, मागचा हॉर्न वाजवत होता. चार वर्षांत एवढं एकदाच, आणि चूक माझीच, कारण तिथल्या प्रत्येक बाईला माहीत असतं की पर्स डिकीत, फोन दिसेल असा ठेवायचा नाही, काच बंद. काचेला आतून फिल्म लावून मिळते ती पहिल्याच आठवड्यात लावून घे, काच पटकन फुटत नाही.

बाकी दिवस कसा जातो म्हणशील तर कंटाळवाणा. सकाळी शाळा, दुपारी मुलगी घरी, मॉलमधून भाजी, शनिवारी फोर्ड्सबर्गला मिंट रोडवर जाऊन तूरडाळ, कढीपत्ता, हिंग. कॉम्प्लेक्सच्या भिंतीवर करंटची तार, गेटवर गार्ड, आत मात्र पोरं सायकली घेऊन अंधार पडेपर्यंत बाहेर. 2021 च्या जुलैत दंगल झाली, 350 च्या वर लोक गेले, जास्त करून डर्बनकडे पण आमच्या प्रांतातही मॉल लुटले. आईचा ग्वाल्हेरहून दर तासाला फोन, आणि मी बाल्कनीतून तिला दाखवतेय की खाली पोरं क्रिकेट खेळताहेत.

मला खरा त्रास कशाचा झाला सांगू? पायी कुठेच जाता येत नाही. इथे ग्वाल्हेरात आपण जेवण झालं की महाराज बाड्याच्या चौकात एक चक्कर मारून येतो, तिथे ते विसर. दुकान अर्ध्या किलोमीटरवर असलं तरी गाडी काढायची. जूनमध्ये साडेपाचला सूर्य मावळतो, मग घरातच. गाडी येत नसेल तर निघायच्या आधी इथेच शीक, त्याशिवाय तिथे तू कोंडली जाशील.

आकडे_बघा
ताईंचा अनुभव मान्य, पण सँडटनच्या कॉम्प्लेक्समधून सगळा देश शांत दिसणारच. 2022 मध्ये भारतात साडेअठ्ठावीस हजार खून नोंदले गेले, आणि दक्षिण आफ्रिकेत 2022-23 च्या वर्षात साडेसत्तावीस हजार. आकडा जवळपास सारखाच. फक्त आपण 140 कोटी आणि ते सहा कोटींच्या आसपास. म्हणजे बदनामी हवेतून आलेली नाहीये. माझ्या मामेभावाला एअरपोर्टहून घरापर्यंत पाठलाग करून गेटवर लुटलं, पिस्तूल लावून. जीव वाचला, पण तो वर्षाच्या आत परत आला.

थाटीपूरकर_परत_आले
@आकडे_बघा आकडे बरोबर आहेत, मी कुठे नाही म्हटलं. पण ते खून होतात कुठे तेही बघा ना, तिथले पोलीस ठाण्यावार आकडे काढतात. न्यांगा, डेल्फ्ट, इनांडा, उमलाझी या केपटाऊन-डर्बनकडच्या गरीब वस्त्या, वर्षानुवर्षं तीच नावं वर. आमच्याकडे कामाला येणारी मावशी अशाच एका वस्तीत राहायची, पहाटे साडेचारला अंधारात टॅक्सी पकडायला निघायची. तिला भीती वाटायची आणि ती खरी होती. मला जी वाटायची ती बरीचशी व्हॉट्सॲपवरून आलेली. आणि एअरपोर्टचं म्हणाल तर तो प्रकार होतो, म्हणून पहिल्या दिवशी कंपनीची गाडीच मागवा, करन्सी एअरपोर्टवर सगळ्यांसमोर मोजत बसू नका.

लष्करवाले_काका
वाचून हसू आलं. 1981 साली माझं लग्न, बायको पुण्याची. वऱ्हाड निघालं तेव्हा तिच्या मोठ्या काकांनी झाशी सुटल्याबरोबर डब्यातल्या खिडक्यांची शटरं खाली ओढायला लावली, बायकांचे दागिने उशीच्या खोळीत, मे महिना, डब्याचा नुसता तंदूर. का? तर चंबळ! आता पुण्याहून येताना चंबळ ग्वाल्हेरच्याही पुढे, मुरैना आणि धौलपूरच्या मध्ये, ती त्यांना लागणारच नव्हती. घामाने निथळत स्टेशनवर उतरले आणि आमचा टांगेवाला बघून एकजण दोन पावलं मागे सरला, कारण त्याच्या मिशा.

तेव्हा डाकू मलखान आणि फूलन दोघंही बाहेरच होते बरं का, मलखान 82 मध्ये शरण आला, फूलन 83 मध्ये, भिंडला. मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात जन्म काढला, डाकू बघितला तो पेपरातल्या फोटोत. पण माझ्या ऑफिसात भिंडकडचा एक होता, त्याच्या चुलत्याची पकड झाली होती, म्हणजे डाकूंनी खंडणीसाठी उचललं होतं, जमीन विकून पैसे भरले. तो दिवाळीला गावी जायचा तर दिवस मावळायच्या आत. वऱ्हाडाने जे काय ऐकलं होतं ते खरंच होतं, फक्त ते त्याच्या घरी घडत होतं.

सासूबाईंना माझा नमस्कार सांग बेटा. आणि यूट्यूब बंद कर.

जनकगंजची_सून
काका 😄 ही खिडक्यांची गोष्ट आज कचोरीबरोबर वाचून दाखवली, सासूबाई हसल्या पण लगेच म्हणाल्या, टांगेवाल्याकडे पिस्तूल नव्हतं. @आकडे_बघा तुमचंही नवऱ्याला वाचायला दिलं, आता पहिल्या दिवशीच्या गाडीचं तो ऑफिसात विचारून घेणार आहे. ड्रायव्हिंग क्लास सोमवारपासून. ताई एक राहिलं, मिक्सर न्यावा का? तिथे चालतो?

थाटीपूरकर_परत_आले
ने ने. व्होल्टेज आपल्यासारखंच. प्लग फक्त जाड तीन पिनांचा, आपल्या गीझरला असतो तोच, इथूनच चार-पाच घेऊन जा. चटणीचं भांडं जास्तीचं ने.