संधिवाताच्या डॉक्टरांकडे पहिल्यांदाच जायचंय. काय नेऊ, काय सांगू?

जेलरोडची_डबेवाली

नमस्कार मंडळी. गुरुवारी संध्याकाळी साडेपाचची वेळ मिळालीय, संधिवाताच्या डॉक्टरांची, कॅनडा कॉर्नरजवळ. फोनवरची मुलगी म्हणाली, "जुने रिपोर्ट घेऊन या," आणि ठेवला फोन. माझी खरी अडचण रिपोर्टची नाहीच, वेळेची आहे. ती शेवटी सांगते.

वय 46. नाशिकरोडला जेलरोडवर राहते, डबे देते. बत्तीस डबे, डब्यात चार पोळ्या, म्हणजे रोजच्या 128. निम्मे डबे एकलहऱ्याला वीज केंद्राच्या पोरांना जातात, बाकीचे इथल्याच खोल्यांवर. दिवाळीच्या फराळात चकल्यांचा सोऱ्या दाबून हात दुखले असं समजून आधी आठ दिवस काढले. मग महिना गेला. आता होळी झाली तरी तेच.

पहाटे साडेचारला उठते. सव्वापाचला कणीक मळायला घ्यायची हा पंधरा वर्षांचा नेम. आता साडेसहापर्यंत मूठच वळत नाही. दोन्ही हातांची मधली पेरं आणि मुठीवरच्या गाठी सुजतात, मनगटं धरतात. कोमट पाण्यात हात बुडवून बसते आणि कणीक मुलगा मळतो, कॉलेजला जायच्या आधी, कुरकुरत. कुकरचं झाकण तोच लावतो. साडीच्या निऱ्या धरवत नाहीत म्हणून चार महिने गाऊन आणि पंजाबी ड्रेसवर आहे.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी दुखण्याच्या गोळ्या दिल्या, रक्त तपासलं. आरए फॅक्टर (संधिवातासाठी करतात ती रक्ततपासणी) 48 आलाय, ईएसआर (अंगातली सूज दाखवणारा) 62, युरिक अ‍ॅसिड 5.1, हिमोग्लोबिन 10.2. ते म्हणाले, आता हाडाच्या नाही, संधिवाताच्याच डॉक्टरांना दाखवा. मला तोवर हे दोन वेगळे असतात हेच माहीत नव्हतं.

अजून दोन गोष्टी. दोन वर्षांपूर्वी श्रावणात चिकुनगुन्या झाला होता, तेव्हा गुडघे दोन महिने धरले होते. आणि मध्ये एकीनं आठवडे बाजारातून पुड्या आणून दिल्या. जडीबुटीच्या म्हणे. तिसऱ्या दिवशी हात लोण्यासारखे! महिनाभर घेतल्या. तोंड गोल दिसायला लागलं, बायका म्हणाल्या तब्येत सुधारली. पुड्या संपल्या नि चौथ्या दिवशी कपबशी धरवेना. हे डॉक्टरांना सांगायचं का? ओरडतील ना?

आता अडचण. सकाळी नऊनंतर माझे हात बऱ्यापैकी चालायला लागतात. संध्याकाळी साडेपाचला तर अगदी शहाण्यासारखे वागतात. आमच्या ह्यांनाच वाटतं की ही पहाटे नाटक करते, मग डॉक्टर काय मानणार? सकाळची वेळ मागितली तर पुढच्या महिन्यातली देतायत.

डबल_बेल

ताई, वेळ बदलू नका. मिळालीय ती सोडू नका. हात शहाण्यासारखे वागले तरी चालतं, फक्त पहाटेचा पुरावा सोबत न्या.

मी एसटीत कंडक्टर होते. अकरा वर्षं झाली मला हा आजार धरून. पहाटेच्या पहिल्या त्र्यंबक गाडीला माझ्याच्यानं घंटीची दोरी ओढवायची नाही, ड्रायव्हर आरशात बघत बसायचा. दुपारच्या फेरीला मी ठणठणीत. डेपोत सगळ्यांना वाटायचं, हिला पहाटेची ड्यूटी नकोय. तुमच्या ह्यांचं वाचून तेच आठवलं. पण गंमत अशी की सकाळी तासभर आखडणं आणि हात कामाला लागला की सुटत जाणं, हीच या दुखण्याची मोठी खूण आहे. झीज झालेल्या गुडघ्याचं उलट असतं, तो वापरला की जास्त बोलतो. तेव्हा तुम्हाला जे नाटक वाटेल अशी भीती आहे, डॉक्टर नेमकं तेच विचारणार.

आजपासून रोज पहाटे मोबाईलवर दोन्ही हातांचा फोटो काढा. हात पालथे, शेजारी घड्याळ ठेवून. मग मूठ वळताना छोटा व्हिडिओ, मुलाला काढायला लावा. आणि डब्यांच्या हिशेबाच्या वहीतच मागच्या पानावर लिहा: उठले किती वाजता, मूठ पूर्ण वळली किती वाजता. मी पहिल्या वेळी "खूप दुखतं हो" एवढंच सांगत राहिले आणि डॉक्टर शांतपणे विचारत राहिले की खूप म्हणजे किती. शेवटी घंटीच्या दोरीचं सांगितलं तेव्हा त्यांनी पेन उचललं. तुमच्याकडे तर 128 पोळ्यांचं माप आहे. आधी किती लाटून व्हायच्या, आता किती होतात, कणीक कोण मळतं, ते सांगा.

पुडीचं नक्की सांगा. ओरडले तर ओरडले. शिल्लक पुडी असेल, रिकामा कागद असेल, तोही न्या. असल्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. तीन दिवसांत लोणी आणि तोंड गोल, हे ऐकून मला तरी तोच संशय येतोय. महिनाभर स्टेरॉइड पोटात जाऊन एकदम बंद झालं तर शरीराला ते झेपत नाही कधीकधी. गळून गेल्यासारखं वाटलं, उलट्या झाल्या, उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली तर गुरुवारची वाट बघू नका, लगेच जवळच्या डॉक्टरांकडे जा आणि पुडीचं पहिलं सांगा. आणि गुरुवारपर्यंत तिला पुन्हा पुड्या आणायला सांगू नका! मोह होतो, मला माहीत आहे.

जाताना बांगड्या, अंगठ्या घरी काढून ठेवा. बाह्या सैल हव्यात, कोपराच्या वर सरकतील अशा. डॉक्टर एकेक सांधा दाबून बघतात. खांदे, कोपर, मनगटं, बोटं, गुडघे असे अठ्ठावीस सांधे त्यांच्या एका ठरलेल्या मोजणीत असतात. पण त्या अठ्ठावीसात पाऊल नसतं. पहाटे पलंगावरून उतरताना चवड्याखाली खडे टोचल्यासारखं होत असेल तर ते आपण होऊन सांगायचं. मी चपलेला दोष देत दोन वर्षं काढली.

आणि ह्यांना घेऊन जा. बाहेर बाकावर नाही, आत. डॉक्टरांच्या तोंडून एकदा ऐकलं की घरातली निम्मी भांडणं मिटतात.

मेथीचे_लाडू

एवढं घाबरायचं काही नाही. आमवात आहे, पोट साफ ठेवा. रात्री सुंठीच्या काढ्यात चमचाभर एरंडेल, आंबट बंद, वांगं बंद. माझ्या सासूबाई यावरच 80 वर्षं जगल्या. डॉक्टरांच्या गोळ्या एकदा सुरू केल्या की जन्मभर.

डबल_बेल

लाडूताई, तुमच्या सासूबाईंना नमस्कार. त्यांची बोटं शेवटी सरळ होती का, तेवढं सांगा. माझ्या आईनंही एरंडेलच घेतलं. तिची बोटं करंगळीकडे वळून गेली, शेवटी शेवटी तिला घास भरवावा लागायचा. सांधा एकदा वाकडा झाला की गोळीनं सरळ होत नाही, म्हणून आधी घ्यायची. मी अकरा वर्षं घेतेय आणि आत्ता हे सगळं दहा बोटांनी टाईप करतेय.

रक्त_काढणारा_सिडको

मी लॅबमध्ये आहे, डॉक्टर नाही, तेव्हा तेवढंच बोलतो.

ताई, आरए फॅक्टर 48 म्हणजे शिक्का बसला असं नाही. तो निरोगी माणसातही वाढलेला निघतो, आणि खराखुरा संधिवात असलेल्या काहींत निघतच नाही. त्यापेक्षा अँटी-सीसीपी ही रक्ततपासणी जास्त नेमकी, पण ती डॉक्टर लिहितील तेव्हा करा. "संधिवात पॅकेज" म्हणून वीस तपासण्यांची लांबलचक यादी मिळते, ती आपल्या मनानं करून जाऊ नका. पैसे जातात आणि डॉक्टरांना हवी ती एक नेमकी त्यात नसते. ईएसआर रक्त कमी असलं तरी चढतो. तुमचं हिमोग्लोबिन 10.2 आहे, म्हणून तो कागदही त्याच फाईलला लावा. त्या 62 च्या शेजारी तो दिसला पाहिजे.

रिपोर्ट तारखेप्रमाणे लावा, जुना खाली, नवा वर. एक्स-रे काढला असेल तर नुसता कागद नको, फिल्म न्या. या तपासण्यांना उपाशी राहायची गरज नसते. संध्याकाळी साडेपाचला उपाशीपोटी आलेली माणसं आमच्या खुर्चीत चक्कर येऊन पडतात, रोज एखादा तरी असतोच. आणि चिकुनगुन्याचा तेव्हाचा रिपोर्ट सापडला तर तो महत्त्वाचा. त्या तापानंतर सांधे महिनोन्‌महिने धरतात आणि चित्र अगदी असंच दिसतं. मधल्या काळात सांधे पूर्ण बरे होते की दुखतच होते, हे आठवून ठेवा.

बागाईतदार_निफाड

मी पण त्याच रांगेत बसून आलोय म्हणून लिहितो. माझा अंगठा, पायाचा. ऑक्टोबर छाटणी चालू होती, रात्री दोनला जाग आली तर अंगठ्यावर चादर टेकलेली सहन होईना. युरिक अ‍ॅसिड केलं तर 6.4, लॅबच्या हिशेबात बसणारं. म्हटलं कात्री घेऊन दिवसभर उभं राहिल्यानं झालं असेल. अशी तीन वर्षं गेली. मग गुडघा फुगला, तेव्हा या डॉक्टरांनी त्यातलं पाणी सुईनं काढून तपासलं, त्यात युरिक अ‍ॅसिडचे स्फटिक निघाले. गाऊट. भर दुखण्यात युरिक अ‍ॅसिड नॉर्मल येऊ शकतं म्हणे, नंतर शांत असताना केलं तर 9.1. ताईंचं दुखणं हे नाही वाटत, दोन्ही हात सारखे धरलेत म्हणून. पण कोणी "युरिक नॉर्मल आहे, जा घरी" म्हणालं असेल तर वाचून ठेवा.

रांग मोठी असते. सोबत खायला न्या.

जेलरोडची_डबेवाली

सगळ्यांचे आभार. पुडीचा कागद सापडला, पिठाच्या डब्यामागे. चक्कर वगैरे नाही, पण थकवा आहे. उद्या सकाळीच नेहमीच्या डॉक्टरांना हे सांगून बीपी दाखवून येते. डबल_बेलताई, चवड्याचं वाचून मी पलंगावरून उतरताना लक्ष दिलं. खडे आहेत.

डबल_बेल

वाटलंच. अजून एक राहिलं, विचारतील म्हणून सांगते: घरात कोणाला सोरायसिस, तोंडात वारंवार फोड, डोळे-तोंड कोरडं पडणं, पूर्वी टीबी, कावीळ. आठवून जा. हे वाचणाऱ्या तरुण मुलींनो, मूल हवं असेल किंवा राहिलं असेल तर पहिल्याच भेटीत सांगायचं, लाजायचं नाही. यातली मुख्य गोळी, मेथोट्रेक्सेट, गरोदरपणात चालत नाही, ती बरीच आधी बंद करावी लागते.

आणि ताई, ती गोळी मिळाली तर ती आठवड्यातून एकदाच असते. एकदाच. रोज घेतली तर जिवावर बेततं. वार चिठ्ठीवर लिहून घ्या.

जेलरोडची_डबेवाली

आले जाऊन. साडेपाचची वेळ, आत गेलो पावणेआठला. निफाडच्या दादांचं ऐकून पोळीभाजी नेली होती, ह्यांनीच संपवली.

डॉक्टरांनी फाईल बाजूला ठेवली आणि पहिलं विचारलं, "उठता किती वाजता? हात सुटतात किती वाजता?" मी वही पुढे केली. सहा दिवसांचं होतं: 4:30 ते 6:20, 4:30 ते 6:40, असं. त्यांनी पान उलटलं तर पुढे उधारीचा हिशेब, तो पण वाचला बहुतेक. फोटो बघितले, मग हात दाबले. माझे शहाणे हात पाचव्या-सहाव्या दाबाला बोललेच. पावलं मी सांगितल्यावर त्यांनी चवडा दोन्ही बाजूंनी आवळला आणि मी ओरडले. हे उभेच राहिले खुर्चीतून.

पुडीवर ओरडले नाहीत. कागद बघितला, किती दिवस घेतली ते लिहिलं, बीपी मोजलं आणि साखर तपासायला सांगितली. मशेरी लावते का विचारलं तेव्हा मात्र ह्यांच्यासमोर हो म्हणावं लागलं. ती त्यांना माहीत नव्हती.

संधिवातच वाटतोय म्हणाले, ऱ्हुमॅटॉईड. अँटी-सीसीपी, हातापायांचे एक्स-रे, छातीचा एक्स-रे, लिव्हर, किडनी, काविळीच्या तपासण्या लिहिल्या. ते सगळं ठीक आलं तर पुढच्या आठवड्यात गोळी सुरू. रविवारी घ्यायचं ठरवलं, कारण रविवारी रात्री डबे बंद असतात. त्यांनी माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं. दुसरी एक छोटी गोळी त्यासोबत, फॉलिक अ‍ॅसिडची, तिचा वार वेगळा. फरक पडायला दीड-दोन महिने लागतील, पुडीसारखं तीन दिवसांत काही होणार नाही, असंही बजावलं. बाहेर पडताना ह्यांनी माझी पर्स घेतली हातातून. काही बोलले नाहीत.

तर आता नवीन प्रश्न, हाच धागा चालवते. दोन महिने कणीक कोण मळणार? मुलाची परीक्षा आलीय. एका वेळी पाच किलो कणीक मळणारं मशीन नाशकात कोणी जुनं विकतंय का? घरगुती नको, हॉटेलवाले वापरतात तसलं, सिंगल फेजवर चालणारं.

बागाईतदार_निफाड

पिंपळगावला आमच्या पाहुण्यांचा ढाबा बंद झालाय, त्यांच्याकडे पडून आहे. मोटर बघावी लागेल. नंबर मेसेजमध्ये टाकतो.