मदत हवी आहे: उत्क्रांतीत म्युटेशनचा वाटा नेमका किती धरायचा?

मंडळी, एका गोष्टीत पार अडकलोय. म्युटेशनशिवाय, म्हणजे जीनमधल्या अचानक बदलाशिवाय, नवीन काही येतच नाही हे मान्य, पण मग दिशा देतं कोण? जीवशास्त्रज्ञ लेन्स्कींचा १९८८ पासून चाललेला ई. कोलाय या बॅक्टेरियाचा प्रयोग घ्या, १२ वंश, सगळ्यांना तेच खाद्य, आणि ऑक्सिजन असताना सायट्रेट (त्या खाद्यातलाच एक पदार्थ) खाणं जमलं फक्त एकाला, तेही सुमारे ३१,५०० पिढ्यांनी, म्हणजे योग्य म्युटेशन येईपर्यंत नैसर्गिक निवड नुसती ताटकळत बसली. उलट स्टिकलबॅक मासा समुद्रातून गोड्या पाण्यात आला की अंगावरचं हाडांचं चिलखत भराभर कमी होतं, कारण त्यासाठीचा ईडीए जीनचा प्रकार समुद्रातल्या माशांत आधीपासूनच थोडाफार असतो. त्यात जनुकशास्त्रज्ञ किमुरांनी १९६८ मध्ये मांडलं की रेणूंच्या पातळीवरचे बहुतेक बदल ना फायद्याचे ना तोट्याचे, ड्रिफ्टनेच, म्हणजे निव्वळ योगायोगाने, पसरतात, आणि मला तर हेच सगळ्यात पटतं.

तर प्रश्न असा, एखादा बदल निवडीने पसरला की ड्रिफ्टने हे ओळखतात कसं? प्रोटीन बदलणारे आणि न बदलणारे बदल यांचं गुणोत्तर काढतात इतपत कळलंय, पण पॉप्युलेशन लहान असेल तर त्यावर कितपत विसंबायचं? कुणी एखादं उदाहरण घेऊन नीट समजावेल का प्लीज?