गिनी पिग पाळलेल्यांनो, तुमचे अनुभव सांगाल का?

दोन आठवड्यांपूर्वी लेकीच्या वाढदिवसाला आम्ही एक गिनी पिग घरी आणलं. पांढरं-तपकिरी, कपाळावर भोवरा, नाव ठेवलंय चिकू. दुकानदार म्हणाला एकदम शांत प्राणी आहे, काही त्रास नाही. आणि खरंच इतकं शांत आहे की आता मला काळजी वाटायला लागलीये. दिवसभर पिंजऱ्याच्या कोपऱ्यात पाठ टेकून बसतं, डोळे सताड उघडे, कोणी जवळ गेलं की दगड. लेक उचलून घेते तेव्हाही हलत नाही, ती म्हणते बघ ना आई किती लाडात आलाय. पण मी हातात घेतलं की त्याचं काळीज माझ्या बोटांना लागतं, इतकं धडधडत असतं. रात्री दिवे बंद केले की मग कुठे गवत चावल्याचा कुरुकुरू आवाज येतो. कुत्र्यामांजरांबद्दल सांगणारे सोसायटीत दहा जण आहेत, याच्याबद्दल विचारायला कोणीच नाही. ज्यांनी पाळलेत त्यांनी प्लीज लिहा, काय चुकलं तेही लिहा.

*

ताई, तुमचा चिकू शांत नाहीये, घाबरलाय. हे वाक्य मला पहिल्या महिन्यात कोणीतरी सांगायला हवं होतं म्हणून आधी तेच लिहिते. हा प्राणी सगळ्यांचं भक्ष्य आहे, जीव वाचवायचे त्याच्याकडे दोनच उपाय, पळणं नाहीतर गोठून बसणं. आणि वरून येणारा हात म्हणजे त्याच्या लेखी घारच.

आम्ही ठाण्याला, आमच्याकडे दोघी आहेत, चार वर्षं झाली. सुरुवातीला मुलाला उचलायला पूर्ण बंदी केली, नुसतं पिंजऱ्याशेजारी जमिनीवर बसून अभ्यास करायचा आणि हात बाजूने, खालून न्यायचा, त्यात काकडीची चकती. पहिले नऊ-दहा दिवस चकती तशीच राहिली. मग एक दिवस मान लांब करून, मागचे पाय होते तिथेच ठेवून, अंगाचं जणू रबर ताणल्यासारखं पुढे येऊन तिने ती ओढून नेली. पाचव्या आठवड्यात मांडीवर बसून खायला लागली. लपायला खोका द्या, पण त्याला दोन दारं कापा, एकच दार असलं तर एक दुसरीला आत कोंडते. लपायला दिलं की बाहेर येणारच नाही असं मला वाटायचं, झालं उलटं, लपायची सोय आहे म्हटल्यावर बिनधास्त फिरायला लागल्या. आता फ्रीजचं दार उघडलं किंवा भाजीची पिशवी वाजली की व्हीऽक व्हीऽक करून घर डोक्यावर घेतात. आणि अचानक जागच्या जागी हवेत उडी मारून अंगाला झटका दिला तर फिट आली म्हणून घाबरू नका, लाहीसारखं उडतात म्हणून त्याला पॉपकॉर्निंग म्हणतात, आनंदात असले की करतात.

*

वरचं सगळं शंभर टक्के. एकच भर, तो एकटा आहे का? आम्ही झुरिकजवळ राहतो, इथे २००८ च्या प्राणीरक्षण नियमांनुसार गिनी पिग एकटं ठेवताच येत नाही, कळपातला प्राणी आहे म्हणून. दोनातलं एक गेलं तर उरलेल्याला सोबत म्हणून भाड्याने गिनी पिग देणारे लोकही आहेत. आधी मला हे जरा अतीच वाटलं होतं. पण आमच्यातला एक वारला तेव्हा दुसरा तीन दिवस त्याच जागी येऊन हुंगत राहिला, गवत जेमतेम खाल्लं, तेव्हा समजलं. माणूस कितीही माया करो, रात्री दोन वाजता त्याच्याशी त्याच्या भाषेत घुर्र करणारं कोणीतरी लागतं.

*

मी नागपूरची. आमचा गेला, दोन वर्षं होतील आता, लिहायला जड जातंय पण उन्हाळ्याचं कोणीतरी लिहायलाच हवं. मे महिना, पिंजरा गॅलरीत, सावलीतच होता, वाटलं वारा लागेल. दुपारी दोनच्या सुमारास लाईट गेले, मी आत झोपले होते. उठून बघते तर तो आडवा पसरलेला, हनुवटी लाळेने ओली, श्वास इतका भरभर की पोट नुसतं थरथरत होतं. ओल्या फडक्यात घेऊन निघालो, दवाखान्याच्या दाराशी गेला.

नंतर वाचलं की याला घामही येत नाही आणि कुत्र्यासारखं धापा टाकून अंग थंड करणंही नीट जमत नाही. मूळचे हे अँडीज पर्वतातले, थंड हवेतले. १८ ते २४ अंश त्यांना बरे, २६-२७ च्या वर त्रास सुरू, आणि आमच्याकडे ४५. आता दुसरी जोडी आहे, ती मार्च ते जून घरातल्या सगळ्यात गार खोलीत, खाली शहाबादी फरशीचा तुकडा, पाण्याची बाटली फ्रीजरमध्ये गोठवून जुन्या सुती कपड्यात गुंडाळून ठेवते, त्या तिला टेकून झोपतात. कूलर असेल तर झोत थेट अंगावर नको. पुण्यात आहात की कुठे ते लिहिलं नाहीत, पण गॅलरीत ठेवू नका एवढं ऐका.

*

खाण्याचं लिहितो, कारण आमच्याकडे तिथेच चुकलं. कोल्हापूरला आणला तेव्हा सांगितलं होतं गहू, हरभरा, चपाती, काहीही चालतं. दीड महिन्याने केस राठ झाले, मागचे पाय आखडून चालायला लागला, हात लावला की किंचाळायचा. डॉक्टरांनी तोंड उघडून हिरड्या दाखवल्या, रक्त येत होतं. स्कर्व्ही. आपल्यासारखंच याच्याही शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही, रोज बाहेरूनच मिळावं लागतं, त्याच्या वजनाच्या किलोमागे साधारण १० ते ३० मिलिग्रॅम. पाण्यात थेंब घालून उपयोग नाही, ते पाण्यात टिकत नाही. आम्ही रोज ढोबळी मिरचीची एक फोड, कोथिंबिरीच्या चार काड्या देतो आणि आठवड्यातून दोनदा पेरूची बोटभर चीर, साखर असते म्हणून जास्त नाही. तीन आठवड्यांत पळायला लागला.

पण खरं जेवण म्हणजे गवत, ते दिवसरात्र समोर पाहिजेच, दात जन्मभर वाढतात आणि गवत चावूनच झिजतात. बाहेरून येणारं टिमोथी गवत परवडत नसेल तर हरळी चालते, फवारणी नसलेल्या जागेची, धुऊन कोरडी करून. लसूण घास मात्र मोठ्या झालेल्याला रोज नको, त्यात कॅल्शियम फार, मुतखडा होतो. कांदा, लसूण, बटाटा अजिबात नाही. आणि पावसाळ्यात गवताचा वास घेऊन बघा, कुबट आला तर फेकून द्या, पैसे गेले तरी चालतील.

*

दुकानात मादी म्हणून दिलं असेल तर एकदा डॉक्टरांकडून खात्री करा. आम्हाला "दोघी बहिणी" म्हणून दिलेल्यांपैकी एक नर निघाला, दोन महिन्यांनी सकाळी पिंजऱ्यात तीन पिल्लं, डोळे उघडे, अंगावर पूर्ण केस, दुपारपर्यंत आईच्या शेजारी बसून गवताची काडी चघळत होती. बघून मी रडले, इतकं सुंदर होतं ते. पण बाळंत झाल्यावर काही तासांत मादीला पुन्हा दिवस जाऊ शकतात, नराला त्याच दिवशी वेगळं करावं लागतं आणि नर पिल्लांना तीन आठवड्यांनी. आमचं नशीब की ती वयाने लहान होती, पहिलं बाळंतपण सात-आठ महिन्यांच्या पुढे गेलं तर ओटीपोटाची हाडं नीट पसरत नाहीत आणि मादी दगावू शकते.

*

स्वतःची लेंडी खाताना दिसलं तर ओरडू नका, त्यातल्या मऊ लेंड्यांत जीवनसत्त्वं असतात, त्यांना लागतात त्या. आणि आंघोळ घालू नका उगाच.

*

सगळ्यात महत्त्वाचं माझ्या मते वजन. हा प्राणी आजार लपवतो, जंगलात आजारी दिसला की मेला, त्यामुळे आपल्याला कळेपर्यंत उशीर झालेला असतो. मी दर रविवारी सकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर डबा ठेवून त्यात बसवते आणि कॅलेंडरवर लिहिते. गेल्या डिसेंबरात ९२० ग्रॅमचे ८४० झाले, बाकी सगळं अगदी नॉर्मल, म्हणून नेलं तर मागची दाढ वाढून जिभेला टोचत होती. अर्धा दिवस काही खाल्लं नाही तर थांबायचं नाही, सरळ डॉक्टर, पोट बंद पडतं त्यांचं. आणि घरातलं लहान मुलांचं अँटिबायोटिक कधीही देऊ नका, अमॉक्सिसिलिन पोटात गेलं तर आतड्यातले चांगले जंतू मरून जीव जातो. कुत्र्यामांजरांच्या सगळ्या डॉक्टरांना हे माहीत असतंच असं नाही, गिनी पिग बघता का हे फोनवर आधीच विचारून ठेवा, रात्री अकराला शोधत बसू नका.

*

धागा मीच काढला होता. सगळ्यांना मनापासून धन्यवाद, नागपूरच्या ताई, तुमचं दोनदा वाचलं. आम्ही पुण्यातच, पिंजरा त्याच संध्याकाळी गॅलरीतून बेडरूममध्ये आणला. डॉक्टरांनी सांगितलं मादी आहे, वजन ४१० ग्रॅम, अजून वाढेल. खोक्याला दोन दारं केली. लेकीला समजावलं की तो, म्हणजे ती, लाडात नव्हती, भीतीने गप्प होती, तर खूप वेळ काही बोललीच नाही, मग म्हणाली मी रोज उचलत होते ना. आता खाली बसून चित्रं काढते, पाय सुद्धा हलवत नाही. काकडी अजून घेत नाही, पण काल आमच्यासमोर गवत खाल्लं, दिवसाउजेडी. दुसरी मादी आणायचं ठरवलंय, एकदम एकत्र सोडायचं का?

*

नाही नाही. नवीन आलेली आधी दोन आठवडे वेगळ्या खोलीत, माइट्स (कातडीवरचे बारीक किडे) किंवा सर्दी असेल तर कळेल, आणि चिकूला हात लावायच्या आधी हात धुवा. मग दोघींना कोणाचीच नसलेल्या जागेत सोडा, हॉलच्या मध्यभागी जुनी चादर, तिच्यावर गवताचा मोठा ढीग, कोपरे नकोत. एकमेकींचे मागून वास घेतील, घुर्र घुर्र करत ढुंगण हलवत चालतील, एक दुसरीच्या अंगावर चढेल, हे सगळं चालू द्या, कोण मोठी ते ठरतंय. केस फुलले आणि दात कडकड वाजायला लागले की लक्ष ठेवा, आणि रक्त निघेल अशी जुंपली तर मध्ये हात घालू नका, जाड टॉवेल टाका. तो आधीच मांडीवर घेऊन बसा.